निरीक्षकाने मदत करू नये

टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली तीन माणसांची हकीकत छापली. तिघांच्याही डोक्याला मार लागलेला, कपाळामागचा मेंदू दुखावलेला. बुद्धीच्या परीक्षेत तिघं उत्तम मार्कांनी पास. बोलायला लागले की ऐकत राहावं. पण घर, नोकरी, साधा दिवस, काहीच धड पार पडत नव्हतं. टेबलावरच्या चाचण्यांना त्यांच्यात फारशी खोट काढता येईना, तेव्हा या दोघांनी त्यांना लंडनच्या बाजारात यादी देऊन सोडलं. ब्रेड घ्या, घशाच्या गोळ्या घ्या, टोमॅटोचा भाव विचारा, काल देशात सर्वांत थंड गाव कोणतं होतं ते शोधा, ठरल्या वेळी ठरल्या जागी येऊन उभे राहा. वर नियम: काही घ्यायचं नसेल तर दुकानात शिरायचं नाही, पैसा कमीत कमी खर्चायचा. निरीक्षक मागून चालणार, लिहून घेणार, मदत करणार नाही. तिघांचाही बाजारात बोऱ्या वाजला, आणि जे खोलीत दिसत नव्हतं ते भरदिवसा रस्त्यावर दिसलं.

हा प्रयोग मी अमरावतीतल्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या पोरांना इतकी वर्षं शिकवतोय की नोट्सचं ते पान आता पिवळं पडून फाटायला आलंय. प्रत्यक्षात कोणाला यादी देऊन बाजारात पाठवायची वेळ कधी आली नव्हती. आमच्या घरी यादी मला मिळते, आणि निकाल बायको जाहीर करते.

एप्रिलअखेर अकोल्याहून ताईचा फोन आला. विषय तिचा मुलगा गोलू. वय बारा, सातवीची परीक्षा नुकतीच झालेली. वर्षभरात त्यानं पाण्याच्या बाटल्या, कंपास, एक स्वेटर आणि डाव्या पायातली चप्पल हरवली होती. उजवी घालून तो घरी आला, आणि डावी कुठं आहे असं विचारल्यावर त्यानं प्रथम खाली पाहिलं. रात्री दहाला त्याला आठवायचं की उद्या शाळेत तीन प्रकारची पानं, मूठभर गहू आणि थर्माकोल न्यायचाय. बाई म्हणत, हुशार आहे पण लक्ष नाही. हे वाक्य माझ्याही प्रगतिपुस्तकात होतं, हे ताईला चांगलं ठाऊक आहे, म्हणून ती ते दोनदा म्हणाली.

“तू हेच शिकवतो ना? मंग पाय ना याले जरा. पगार कायचा घेतो?”

मी तिला समजावलं की मी मास्तर आहे. मुलाची तपासणी करून निदान सांगायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ लागतो.

“त्याच्याकडं नेऊच. पण गाडी मेकॅनिककडं न्यायच्या आधी घरचा मानूस एक किक मारून पायतेच ना?”

या युक्तिवादाला माझ्या नोट्समध्ये उत्तर नव्हतं.

खरं सांगायचं तर मला उत्साह आला होता. मुलांची बुद्धी मोजायची हौस आपल्याकडं जुनीच आहे. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची फ्रेंच चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. ती बिने-कामत चाचणी अजून चालते. मग आपल्या नागपुरात आर्थर मॅलिन यांनी १९६९ साली भारतीय मुलांसाठी बुद्धिमापनाची जी चाचणी तयार केली, तिच्यात भूलभुलैयातून पेन्सिलीनं वाट काढायची असते. गोलूनं ती वाट फटक्यात काढली असती. त्याचा घोळ भूलभुलैयात नव्हता, दप्तरात होता. आणि दप्तर भरणं, वेळेवर निघणं, दूध उतू जायच्या आत गॅस बंद करणं ही कामं करणारी जी मेंदूतली यंत्रणा, तिला आमच्याकडं कार्यकारी क्षमता म्हणतात. त्यात ढोबळमानानं तीन गोष्टी धरतात: हातातल्या कामापुरतं ध्यानात धरणं, नको तिथं हात आवरणं, आणि परिस्थिती बदलली की बेत बदलणं. ही यंत्रणा पिकायला पंचविशी उजाडते असं शास्त्र सांगतं. माझ्या बाबतीत ते काम अजून निविदेच्या पातळीवर आहे.

सुरुवात मी फोनवरच केली. २००० साली अमेरिकेत ‘ब्रीफ’ नावाची प्रश्नावली निघाली. आईवडिलांना आणि शिक्षकांना ८६ वाक्यं द्यायची, आणि प्रत्येकापुढं कधीच नाही, कधीकधी, वारंवार यातलं एक निवडायला सांगायचं. ती रीतसर विकत घ्यावी लागते, म्हणून मी त्या धर्तीवर स्वतःचे प्रश्न काढले. वस्तू जागेवर ठेवत नाही? ताई म्हणाली, वारंवार. सुरू केलेलं काम अर्धवट टाकतो? वारंवार. सांगितलेल्या दोन कामांतलं एकच करतो? “एक तरी करते का तो?” मग भाऊजींना फोन दिला. भाऊजी सगळ्याला ‘कधीच नाही’ म्हणाले. मधेच विचारलं, “मास्तर, हे कोणाबद्दल चाललंय?” मी सांगितलं, गोलूबद्दल. “मग हरकत नाही,” म्हणाले, आणि बोलता बोलता फोन तसाच चालू ठेवून कुठं तरी निघून गेले. मला बराच वेळ त्यांच्या घरातला कूलर ऐकू येत होता.

घरच्यांचं मत आणि टेबलावरची चाचणी यांचा मेळ बसत नाही, हे नवीन नाही. कॅनडातल्या मॅगी टोपलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र ताडून पाहिले, तर दोन्हींचा संबंध फारच किरकोळ निघाला. म्हणजे दोन्हींवर विसंबून भागत नाही. प्रत्यक्ष काम देऊन पाहायला हवं. गोलू उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीला आमच्याकडं येणारच होता. मी एक नवी वही आणली.

फ्रान्समध्ये मातिल्द शेविन्यार यांनी लंडनची ती बाजाराची युक्ती स्वयंपाकघरात नेली. आधी मोठ्यांसाठी, पुढं डोक्याला इजा झालेल्या मुलांसाठी. मुलाला पाककृती लिहून द्यायची, चॉकलेट केक आणि फळांचं कॉकटेल, आणि ओट्याशी सोडून द्यायचं. काय विसरला, काय जास्तीचं केलं, अंदाज कुठं चुकला, क्रम कुठं उलटा झाला, ते मोजायचं. मुलानं मधे प्रश्न विचारला किंवा शेरे मारले, तर तीही चूक धरायची. हे शेवटचं कलम वाचताना मी रुक्मिणीनगरात बसलोय, पॅरिसमध्ये नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

केकऐवजी मी वरणफळं ठरवली आणि कॉकटेलऐवजी कैरीचं पन्हं. यात एक मेख होती. तुरीची डाळही शिजवायची, कैरीही उकडायची, आणि कुकर एकच. जो पोरगा दोन्ही एकदम डब्यांत लावून तेवढ्या वेळात कणीक मळायला घेईल, त्याला नियोजनाचे पैकीच्या पैकी. ही मेख मला सुचली म्हणून मी दोन दिवस खुशीत होतो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “सुचलं म्हणजे? मी रोज काय करते मग?”

त्या दिवशी सकाळी ती माहेरी निघाली. जाताना मला एकच काम सांगून गेली: नळ आला की मोटर लावा, टाकी भरली की बंद करा. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि निरीक्षणाला कोरं पान हवं म्हणून पान उलटलं.

आईला आधीच बजावलं होतं. ती पुढच्या खोलीत कूलरसमोर वाती वळत बसली होती. “आई, तू बोलायचं नाही.”

“मी कायले बोलू? मले काय करायचं हाय?”

गोलूनं पाककृती वाचली आणि माझ्याकडं पाहिलं. “मामा, वाटी कोनती घेऊ? मोठी का लहान?” मी छताकडं पाहिलं आणि प्रश्नाच्या रकान्यात एक रेघ ओढली. पुढच्या खोलीतून आवाज आला, “स्टीलची घे रे माह्या राजा, फडताळातली. जर्मनची नको घेऊ.”

“आई!”

“मी तुह्याशी बोललीच नाई.”

तांत्रिकदृष्ट्या ते खरं होतं. नियम म्हणतो, निरीक्षकाने मदत करू नये. आजीबद्दल नियम काहीच म्हणत नाही, कारण नियम करणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत आजी नसावी. ‘दाय धुतली का?’, ‘हयद टाक मंग’, ‘मीठ आता नको रे, शिजू दे पयले’ हे सगळं कूलरच्या आवाजावर मात करून येत राहिलं. मग आई पाणी प्यायला म्हणून आत आली, आणि पाणी पिता पिता तिनं डाळ धुतली, हिंग टाकला, कुकरचं सैल झालेलं रबर ताणून बसवलं. कैरी मात्र विसरली. मी रेघ ओढायला पेन टेकवलं, पण ती कोणाच्या नावावर ओढायची हे कळेना.

अमेरिकेत सेंट लुइसला मुलांसाठीच अशी एक स्वयंपाकघरातली चाचणी आहे, २००८ सालची. तिथं मुलाकडून खेळायची कणीक करून घेतात, आणि तिच्यात मदतीला बंदी नाही. उलट मदतच मोजायची. मूल अडलं की आधी नुसतं सुचवायचं, मग खुणेनं दाखवायचं, मग सरळ सांगायचं, मग हाताला हात लावायचा, आणि अगदीच काही जमत नसेल तर शेवटच्या पायरीवर ते काम आपण करून द्यायचं. मूल कितव्या पायरीवर पुढं सरकलं, तो त्याचा आकडा. ही चाचणी मला फार समंजस वाटते. आमच्या आईनं शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली होती, आणि तिथून खाली यायचा तिचा विचार नव्हता.

त्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. लहान पोरगं ओट्याशी आणि मोठा माणूस वही घेऊन उभा, हे पाहून त्यांनी माझ्याकडं एक नजर टाकली. ती मी लिहून घेतली नाही. “सर बाजूले, बाप्पा,” असं गोलूला म्हणून त्यांनी पोळपाट ओढला आणि बोलता बोलता फळं लाटून, शंकरपाळ्यासारखी कापूनही टाकली. गोलू ओट्यावर चढून बसला आणि पन्ह्यासाठी काढलेला गूळ खाऊ लागला. मी लिहिलं: ‘हेतूहीन हालचाल.’

खिडकी त्याच्या बाजूला होती. तो एकदम म्हणाला, “मामा, ते—”

मी ओठांवर बोट ठेवलं आणि रेघ ओढली.

“मामा, पन वरतून—”

दुसरी रेघ. तिसऱ्यांदा त्यानं नुसतं बोट दाखवलं, तेव्हा मी ‘खाणाखुणा’ असा नवा रकाना पाडला. मग तो गप्प बसला. मला मोठं समाधान वाटलं. पोरगा नियम शिकतोय.

वरून जे येत होतं ते पाणी होतं. नळ आला, आईनं सवयीनं मोटर लावली, बंद करायचं काम वहीच्या पहिल्या पानावर होतं. टाकी भरून वाहिली, आणि गच्चीवर साडीवर वाळत घातलेल्या काकूंच्या कुरडयांमधून वाट काढत पाणी खिडकीवरून खाली येऊ लागलं. कुरडया ज्यानं घरी केल्यात त्याला सांगायला नको. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, तो पहाटे उठून शिजवायचा, सोऱ्यातून घालायच्या. काकू गच्चीवर राखणीला बसणार होत्या, पण आमच्याकडं फळं लाटत होत्या. म्हणजे माझ्या प्रयोगानं राखणदारही पळवला होता. काकूंनी खिडकीतून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि लाटणं हातात घेऊनच गच्चीवर गेल्या.

वरणफळं उत्तम झाली. गोलू दोनदा वाढून घेऊन जेवला. चाचणीत निष्पन्न काय झालं म्हणाल, तर आमच्या आईची कार्यकारी क्षमता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शाबूत आहे. फक्त कैरी राहिली.

कुरडयांचा गहू मी भरून दिला आणि गोलूला घेऊन अकोल्याची एसटी धरली. बायको म्हणाली की प्रयोग करायचेच असतील तर ते दुसऱ्या जिल्ह्यात करा. या रस्त्यावर लोणी ते माना या टापूत जून २०२२ मध्ये एका लेनचा सलग ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव लागलंय. एसटीत शेजारी बसणारा प्रत्येक माणूस ते सांगतो. मी मात्र मूर्तिजापूर येईपर्यंत मनाशी चूक शोधून काढली होती. घर हीच चूक होती. घरात आज्या असतात. लंडनकरांनी बाजार निवडला तो उगाच नाही. बाजारात माणूस एकटा असतो.

हे वाक्य मी वहीत लिहून खाली रेघही मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोलूला यादी दिली. अर्धा किलो भेंडी. दहाचा सांबार, म्हणजे कोथिंबीर. वह्यांच्या खाकी कव्हरचा रोल. ताईच्या मशीनची सोळा नंबरची सुई. लंडनच्या टोमॅटोऐवजी कापसाचा कालचा भाव. आणि देशातल्या सर्वांत थंड गावाऐवजी, काल विदर्भात सर्वांत जास्त तापमान कुठं होतं ते. मे महिन्यात अकोल्यात थंड गावाची चौकशी करणारा पोरगा थेट दवाखान्यात नेला असता. साडेदहाला बरोबर भाजीबाजाराच्या तोंडाच्या रसवंतीवर यायचं. आणि नियम: पैसा कमीत कमी खर्चायचा, एका दुकानात दोनदा जायचं नाही, आणि मामाशी बोलायचं नाही, ओळखसुद्धा दाखवायची नाही.

“कोनी विचारलं तरी?”

“कोणी विचारलं तरी.”

त्यानं मान डोलावली. मी रुमाल डोक्याला बांधला, वही घेतली आणि दहा-पंधरा पावलं मागं राहून चालू लागलो. मोबाइल ताईच्या घरी चार्जिंगला राहिला, हे बाजारात पोचल्यावर कळलं.

भाजीवाल्या मावशीनं गोलूला दुरूनच ओळखलं. भेंडी म्हटल्यावर तिनं हात आखडता घेतला. “भेंडी कोनं सांगतली? तुही माय माह्याकून कधी भेंडी नेत नाई. तुह्या बापाले चिकट लागते. हे गवार घे, ताजी हाय.” अन् सांबार पिशवीत फुकट टाकला. गोलूनं यादी काढली, ‘भेंडी’ खोडलं, वर ‘गवार’ लिहिलं. मी एका हातगाडीच्या आडोशाला उभा राहून विचारात पडलो. हा सूचनाभंग, की परिस्थिती पाहून बेत बदलणं? शॅलिसच्या माणसांना ब्रेडवाल्यानं असं कधी सांगितलं नसणार, की तुमच्या वडिलांना ब्रेड सोसत नाही.

कव्हरच्या दुकानदारानं पैसे घेतले नाहीत. वडिलांच्या खात्यावर लिहितो म्हणाला. पैसा कमीत कमी खर्चायचा, हा नियम गोलूनं शून्यावर आणून ठेवला. मशीनचं दुकान उघडायचं होतं, तर तो बाहेर बसलेल्या टेलरकडं गेला, आणि टेलरनं गोळ्यांच्या जुन्या डबीतून सुई काढून, उजेडात धरून नंबर पाहून, कागदात टोचून दिली. वर म्हणाला, “माय विचारीन तं सांग, मोठ्या जीन्सले हे नाई चालत, अठरा लागते.” तापमानासाठी तो पानठेल्यावर पेपर वाचणाऱ्याकडं गेला. तिथं मात्र घोळ झाला. पेपरात चंद्रपूर आघाडीवर होतं. ठेल्यावरची चार माणसं खवळली. अकोल्याचा पारा कोणी खाली दाखवला, मोजणारा सावलीत बसला होता काय, इथपर्यंत गोष्ट गेली. गोलूनं यादीत ‘चंद्रपूर’ लिहिलं, आणि चौघांच्या समाधानासाठी कंसात ‘अकोला’.

म्हणजे बाजारात माणूस एकटा असतो, हे लंडनपुरतं खरं. इथं सबंध बाजार या पोराच्या वतीनं ध्यानात धरत होता. माय काय नेते, बाप काय खात नाही, सुई कितीची लागते, सगळं लोकांच्या डोक्यात. गोलूला फक्त चालत जायचं होतं. हे मी घाईघाईनं लिहून घेत असताना खांद्यावर हात पडला.

“काय भाऊ, कव्हाचं पायतो मी. पोराच्या मागं मागं काऊन फिरून रायले तुमी?”

“मी त्याचा मामा आहे.”

“मामा? मंग संग चाला ना. लपून काऊन?”

“मी निरीक्षण करतोय.”

हा शब्द वापरायला नको होता.

“कायचं?”

“मुलांच्या कार्यकारी क्षमतेचं.”

तोवर पाच-सहा जण जमले होते. एकानं वही मागितली, म्हणजे घेतली, आणि मोठ्यानं वाचायला लागला. “दहा वाजून पाच. मुलगा एकटा. दहा वाजून नऊ. डावीकडे वळला, मागे पाहिलं नाही. दहा वाजून बारा. घरचं कोणी सोबत नाही.” त्यानं वही मिटली. “दहा वाजून बारा,” तो इतरांना म्हणाला. शास्त्रीय नोंदी किती वस्तुनिष्ठ असाव्यात याचा आदर्श म्हणून मी ते पान वर्गात दाखवणार होतो.

मी म्हणालो, त्यालाच विचारा. कोणीतरी गोलूला हाक मारली. तो आला. “बाबू, हा मानूस तुहा मामा व्हय का?”

गोलूनं माझ्याकडं पाहिलं. मी भुवया वर केल्या, मान हलवली, डोळ्यांनी विनवलं. स्वयंपाकघरात पडलेल्या सगळ्या रेघा त्या पोराच्या चेहऱ्यावर मला दिसल्या. त्यानं ओठ घट्ट मिटले, यादीकडं पाहिलं, आणि निघून गेला. त्याचं कापसाच्या भावाचं काम बाकी होतं.

आवेग आवरणं याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी पुस्तकातही वाचलेलं नाही. त्या वेळी मला ते नोंदवता आलं नाही, कारण वही जप्त होती.

साडेदहाला तो रसवंतीवर पोचला. मी पोचलो नाही. ठरल्या वेळी ठरल्या जागी येणं हे कलम माझंच चुकलं. मला एका कापडाच्या दुकानासमोर खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. पाणी दिलं होतं. वऱ्हाडात संशयितालाही तहान लागते हे लोक जाणून असतात. गोलूनं थोडी वाट पाहिली, वाचलेल्या पैशातून रस प्यायला, मग मावशीकडं जाऊन म्हणाला, “माह्या मायले फोन लावा, मामाले पकडलं.” चाचणी साडेदहाला संपत असल्यामुळं आता बोलायला हरकत नव्हती.

ताई स्कूटीवरून आली. जमावानं विचारलं, हा तुमचा भाऊ का? तिनं उत्तर द्यायला जरा वेळच घेतला. मग सगळे एकदम मवाळ झाले. ज्यानं खांद्यावर हात टाकला होता त्यानं स्वतःच्या पैशानं मला रस पाजला, आणि त्याचाही पोरगा आठवीत असून अजिबात लक्ष देत नाही, त्याला जरा पाहाल का, असं विचारलं.

मला खरं जे दिसायचं होतं ते त्या रात्री दिसलं, आणि त्यासाठी मी काहीच योजलं नव्हतं. गोलूचं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला क्रीडा शिबीर होतं. ताई शेजारी गेली होती, भाऊजी गच्चीवर गादी टाकायला. लाइन गेलेली. गोलूला पिशवी भरायची होती: टोपी, टॉवेल, बाटली, सही केलेला फॉर्म. मी अंधारात खाटेवर होतो आणि त्याला वाटलं मी झोपलोय. टोपी शोधायला त्यानं बॅटरीच्या उजेडात कपाट उघडलं. टोपीच्या आधी गेल्या वर्षीचा भोवरा सापडला. भोवऱ्याला जाळी हवी, म्हणून ड्रॉवर. ड्रॉवरमध्ये एक मोडकं घड्याळ. ते कानाला लावून पाहिलं. मग तो घड्याळ घेऊन फरशीवर बसला, आणि बसलाच. मधे एकदा उठून उभा राहिला, खोलीच्या मधोमध, आपण कशाला उठलो हे आठवत. चेहरा रडवेला झाला होता. त्याला कळत होतं की काहीतरी राहतंय. काय, ते हाताला लागत नव्हतं. मावशी नाही, टेलर नाही, आजी नाही. बॅटरीचा उजेड तेवढा भिंतीवर हलत होता.

निरीक्षकाने मदत करू नये. मी उठलो, म्हणालो, “टोपी दारामागं आहे रे,” आणि मग दोघांनी मिळून पिशवी भरली. फॉर्मवर सही नव्हती. ती करायला भाऊजींना हाक मारली, तर ते गच्चीवर गादी घेऊन गेले होते आणि उशा आणायला खाली येऊन टीव्हीसमोर बसले होते, लाइन गेलेली असताना.

ताईला मी सांगितलं की रीतसर दाखव, नाव नोंदव, टाळू नको. आणि तोवर त्याच्याच हातानं चार ओळींची यादी लिहून दारावर चिकटव, झोपायच्या आधी वाचायची. आणि त्या रात्रीचं जे पाहिलं ते एका कागदावर नीट लिहून तिला दिलं, डॉक्टरांना दाखवायला. बाजाराचं काहीच लिहिलं नाही. बाजारात तो मुलगा ठणठणीत आहे.

आठवड्यानं भाऊजींचा फोन आला. आवाज खालचा.

“मास्तर, एक विचारायचं होतं. तुमच्या ताईच्या पर्समध्ये एक कागद सापडला. अक्षर तुमचं आहे. वर नाव नाही. ‘एक वस्तू शोधायला जातो आणि दुसऱ्याच वस्तूत रमतो. उठून उभा राहतो, पण कशाला ते आठवत नाही. कोणी सोबत असलं की सगळं नीट करतो.’ हे तिनं तुमच्याकडून लिहून घेतलं का?”

“भाऊजी, ते असं आहे—”

“नाही, नाही. तक्रार नाही माझी. बरोबरच आहे सगळं. फक्त ते ‘वय बारा’ तेवढं दुरुस्त करून पाठवा.”